चौदा नंबरच्या फोनवरचं बोलावणं

लातूर सोडून तीन तास होत आले होते. ऊन उजव्या गालावर चटका द्यायला लागलं होतं आणि देवीचं रेणापूर अजून बरंच लांब होतं. रस्त्याच्या कडेनं अनवाणी बायकांची रांग लागलेली. नवरात्राची पाचवी माळ, त्यामुळं कुणाच्या हातात ओटीचं ताट, कुणाच्या डोक्यावर फुलोऱ्याची पाटी. दोन्ही बाजूंच्या रानांत सोयाबीनची मळणी चाललेली आणि त्याचा धुरळा नाकातोंडात जात होता.

दरवर्षी या वाटेवर जिच्या तोंडाला खीळ नसते ती शिवकन्या आज लातूरपासून मुकी होती. मंजुश्रीला वाटलं, उपास आहे, थकली असेल. मग रस्त्याखालच्या एका मोरीच्या कठड्यावर शिवकन्या टेकली, पाय मांडीवर घेऊन तळव्यात रुतलेला खडा नखानं काढला आणि खड्याकडं बघतच म्हणाली, "मंजू, बजरंगचा फोन आला होता."

मंजुश्रीनं तोंडाला लावलेली बाटली खाली आणली. "तुमच्या भावाचा? कधी?"

"अकरा वेळा."

"अकरा! मग काय म्हणला?"

"काय म्हणंल? मी उचललाच न्हाई. मला कळलंच न्हाई."

आता हे समजायचं तर शिवकन्या काय काम करते ते आधी समजलं पाहिजे. मंजुश्री तिच्याच शेजारच्या टेबलावर बसते, म्हणून तिला ते ठाऊक. हे सगळं पुढं लिहून काढलं तेही तिनंच.

औसा रोडला एका कापड दुकानाच्या माडीवर शिवकुमार सरांचं ऑफिस आहे. पुण्यातल्या कंपन्या मोबाईलची ॲप बनवतात आणि ती बाजारात जायच्या आधी इथं तपासली जातात. तपासतं कॉम्प्युटर. रात्रंदिवस तेच ॲप उघडायचं, बटणं दाबायची, मजकूर भरायचा, बंद करायचं. माणूस कंटाळेल, यंत्र कंटाळत नाही. पण त्या यंत्राच्या हाती द्यायचे फोन माणसानंच तयार करावे लागतात, आणि तो माणूस म्हणजे शिवकन्या. अडतीस वर्षांची, बारावी पास, आधी एका मोबाईलच्या दुकानात काचा चिकटवायची. सरांनी तिथूनच तिला आणली. "इंजिनियर खूप मिळतात," ते म्हणाले होते, "फोन हातात धरायची अक्कल ताईलाच हाय."

सुताराकडून करून घेतलेल्या फळीत बावीस फोन उभे असतात, प्रत्येकाच्या पाठीवर तिच्या अक्षरातला नंबर. नवा फोन आला की ती आधी फडक्यानं पुसते. मग सेटिंगमध्ये जाऊन एका ठराविक ओळीवर सात टिचक्या मारते, म्हणजे फोनची आतली कवाडं उघडतात. सात म्हणजे सातच. ती ओठांतल्या ओठांत मोजते, बघणाऱ्याला वाटावं देवाचं नाव घेते आहे. मग कुलूप काढायचं, पडदा झोपू द्यायचा नाही, उघडझाप करणारी नक्षी बंद करायची, भाषा मराठी करायची. आणि शेवटी आवाज बंद. बाहेरून येणारा कुठलाच फोन वाजू द्यायचा नाही, कारण मधेच कुणाचा फोन आला की चालू तपासणी मोडते.

शिवाय न दिसणारे फोन असतात ते वेगळेच. ते कॉम्प्युटरच्या आत असतात. किती मोठा, किती जुना, मेंदू केवढा, हे सांगायचं की पडद्यावर एक फोन उभा राहतो, हाती लागत नाही पण सगळं करतो. बिघडला तर पुसून पहिल्यासारखा. त्याला आपण कुठं आहोत हेही आपणच सांगायचं, नाहीतर तो सापडतो अमेरिकेत. शिवकन्या त्याला लातूरला आणून ठेवायची. एखाद्या दुपारी काम नसलं की मंजुश्रीला शेजारून दिसायचं, नकाशावरची लातूरची निळी टिकली सरकत सरकत नांदेड जिल्ह्यात गेली आहे, बिलोलीच्या पुढं, एका बारक्या गावाच्या मारुतीच्या पाराशी. ती टिकली तिथं दोन मिनिटं ठेवायची, मग परत लातूर.

ते तिचं माहेर.

गेल्या वर्षीचा दसरा मात्र ऑफिसात कुणी विसरणार नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, तर आपलं हत्यार कुठलं? शिवकन्येनं बावीसच्या बावीस फोन पाटावर मांडले, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं, ओवाळलं, साखर ठेवली. बोट लावलं ते कपाळाला. फोनचं कपाळ म्हणजे नेमका पुढचा कॅमेरा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चेहरा ओळखायची तपासणी बावीस ठिकाणी नापास झाली. पुण्याची माणसं सकाळपासून दुपारपर्यंत चूक धुंडाळत बसली. शेवटी शिवकुमार सरांनी चार नंबरचा फोन उचलला, अंगठ्यानं पुसला, अंगठा बघितला आणि तो ताईंपुढं धरला. शिवकन्या म्हणाली, "मग पाठीला लावते पुढच्या साली." सरांनीसुद्धा हात टेकले.

अशी ही बाई. हसती, बोलती. पण नागपंचमी जवळ आली, लेकी माहेरी निघाल्या, की आठ दिवस ती बांगड्यांच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवते, हे मंजुश्रीनं तीन वर्षं पाहिलं होतं.

बजरंग तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. कडेवर वागवलेला. वडील हणमंतराव गेले, त्यांच्या वर्षश्राद्धाला जेवणं उरकल्यावर बजरंगनं वावराच्या हक्कसोडीचा विषय काढला. बहिणी सही देतात, भाऊ साडीचोळी करतो, सगळीकडं असंच चालतं. शिवकन्या देणारच होती. पण तो भावकीसमोर, उष्ट्या पत्रावळी उचलायच्या आधीच बोलला, त्याचा तिला राग आला. "दम धर की जरा," ती म्हणाली. तोही तापलेला. म्हणाला, "अक्का, सरळ सांग. तुला माहेर पाहिजे का वावर?"

ती म्हणाली, "वावर."

एवढंच. रागाच्या भरात गेलेला एक शब्द. महिन्याच्या आत तिनं मामाकडून निरोप धाडला, स्वतः बिलोलीच्या नोंदणी ऑफिसात जाऊन सही केली, एक गुंठा ठेवून घेतला नाही. बजरंग समोरच्या बाकड्यावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. बाहेर येऊन मोटारसायकलला किक मारली आणि निघून गेला. चहासुद्धा म्हणला नाही. त्यानंतर सहा पंचम्या झाल्या, सहा दिवाळ्या झाल्या, तिला न्यायला कुणी आलं नाही. आई त्याच्यापाशीच. तिला ऐकू येत नाही, फोनवर काय बोलणार?

तिचे मालक रामकिशन डाळीच्या मिलमध्ये आहेत. साधा माणूस. ते दरसाल म्हणतात, "जा की आपण होऊन. तुझंच घर हाय." ती म्हणते, "बोलावल्याबिगर लेक माहेरी जात न्हाई."

आणि यंदा भाद्रपदात एक ॲप तपासायला आलं. घरगुती कार्यक्रमांची बोलावणी धाडायचं. वास्तुशांती, बारसं, मुंज, जे असेल ते निवडायचं, माणसं निवडायची, की सगळ्यांना मेसेज जातो. त्यातली मराठी नीट आहे का हे बघायचं काम मंजुश्रीचं. पुण्याहून आलेलं वाक्य होतं, 'यांनी आपणांस आमंत्रण पाठविले आहे. स्वीकारा किंवा नाकारा.' मंजुश्रीला ते वाचून कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटलं. असं कुणी कुणाला बोलावतं का? तिनं ते खोडून लिहिलं, 'यांनी तुम्हाला बोलावलं आहे. नक्की या, वाट पाहत आहेत.' पुण्याच्या लोकांना ते फार आवडलं.

खरा मेसेज जायला खरं सिमकार्ड लागतं. फळीवरच्या बावीसांत ते एकट्या चौदा नंबरच्या फोनमध्ये. शिवकन्येनं तो तयार केला. फोनच्या मालकाचं नाव पाहिजे, मेसेजात 'यांनी'च्या आधी तेच पडतं, तिनं स्वतःचं घातलं. यादीत दहा-बारा माणसं पाहिजेत, खोटी. दरवेळी ती माहेरचीच नावं घालायची, खोट्या नंबरांसकट. पहिलं नाव 'बजरंग'. यंत्र पहिल्या नावालाच मेसेज करणार होतं, म्हणून तिथं ऑफिसच्या दुसऱ्या फोनचा नंबर टाकायचा होता. तिनं नाव लिहिलं आणि बोटांनी खालचा नंबर आपणहून भरला. बजरंगचा, खरा. सहा वर्षांत तिनं तो कितीदा दाबला होता याला गणती नाही, फक्त हिरवं बटण दाबलं नव्हतं.

आठ दिवस, दिवसातून दोनदा यंत्रानं तो मेसेज धाडला. मेसेज गेला का, एवढंच बघायचं होतं. गेला. सोळा हिरव्या खुणा पडल्या. कुणाला काही कळलं नाही.

"आन् तुम्हाला कसं कळलं?" मंजुश्रीनं मोरीवर बसल्या बसल्या विचारलं.

"शनिवारी चौदा नंबर पुसून कोरा करायला घेतला. पुसायच्या आधी मी सगळं एकदा बघते. बघितलं तर न उचललेले अकरा फोन. तोच नंबर, खालपासून वरपर्यंत. शेवटचा त्याच दिवशी सकाळी सहा-दहाचा. धार काढायच्या टायमाला, मंजू. म्हशीखाली बसायच्या आधी लावला आसंल त्यानं."

"आवाज बंद होता."

"मीच केलता ना बंद. ह्या हातानं."

दोघी उठून चालायला लागल्या. पुढं एका मंडळाची पोरं केळी वाटत होती, त्यातलं एक-एक दोघींनी घेतलं आणि सोललं नाही. मंजुश्रीला विचारायचं होतं, मग परत फोन का नाही लावला, पण तिला आधी आठवलं ते वेगळंच. आठ दिवस, भाद्रपद, पौर्णिमेनंतरचे.

"ताई, म्हणजे पितरांच्या पंधरवड्यात गेले मेसेज?"

"तेच तर!" शिवकन्येनं कपाळावर हात मारला. "आन् कार्यक्रम कुठला? यादीतला पहिला. वास्तुशांती! तारीख? रोज आजचीच. रोज दोन टायमाला माझी वास्तुशांती, पितृपक्षात!"

मंजुश्रीला हसू आवरेना. आधी तोंडावर पदर धरला, मग शिवकन्याच हसायला लागली म्हटल्यावर धरून काय उपयोग? मागनं येणारी एक म्हातारी म्हणाली, "चाला ग बायांनो, देवी हसणारीला वाट दावत न्हाई." त्यावर तर जास्तच. शेवटी शिवकन्येच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मग हसण्याचं राहिलं नाही.

"भाड्याच्या दोन खोल्यांत राहते मी," ती म्हणाली. "त्याला वाटलं आसंल बहिणीनं घर बांधलं. माहेरचा आहेर लागतो वास्तूला, म्हणून बोलवायली. आन् त्याच पंधरवड्यात आमच्या वडलांची तिथ. आता त्यानं अकरा फोन केले ते कशापायी? राग आला म्हणून? का भ्याला, का अक्काचं डोकं फिरलं, घरात काय वाईट झालं? का," ती थांबली, "का यायचं होतं त्याला?"

मंजुश्रीनं गळ्यातलं इष्टलिंग लुगड्यावरून मुठीत धरलं. लिंगायतांच्या घरातली ती, हात आपोआप तिथं जातो. 'नक्की या, वाट पाहत आहेत.' ते शब्द तिचे होते. सरकारी वाक्य असतं तर बजरंगनं कंपनीची जाहिरात म्हणून सोडून दिलं असतं. तिनं त्यात जीव घातला आणि तो जीव सोळा वेळा बिलोलीला जाऊन आला.

"ते वाक्य मी लिहिलं होतं, ताई," ती म्हणाली.

"ठाऊक हाय मला. वाचलं मी. चांगलं लिवलंस," शिवकन्या म्हणाली. "मला सहा वर्षांत तेवढं लिवता आलं न्हाई."

मंजुश्रीनं हातातलं केळं पिशवीत टाकलं.

"मग त्या शनिवारनंतर?" मंजुश्रीनं विचारलं.

"यादीतला त्याचा नंबर बदलला. मेसेज थांबले. पण चौदा नंबरचा आवाज मी चालू ठेवला, कुणाला न सांगता. वाटलं, करंल आजून एकदा. दोन दिवस माझं ध्यान फळीकडं. वाजला की धावायची. एकदा कर्ज पाहिजे का म्हणणारी बाई, एकदा चुकीचा नंबर. त्यात तपासणी मोडली दोनदा. तुझ्यासमोरच तर सर बोलले."

मंजुश्रीला आठवलं. सर फळीपुढं उभे राहून म्हणाले होते, "ताई, चौदा नंबर तोंड उघडून का राहिला? मुका करा त्याला." आणि शिवकन्येनं मान खाली घालून तो मुका केला होता. तेव्हा मंजुश्रीला वाटलं होतं, ताईच्या हातून चूक झाली, ताईला वाईट वाटलं.

"आता बजरंग काय समजून बसला आसंल सांग," शिवकन्या म्हणाली. "बहिणीनं सोळा वेळा बोलावलं. त्यानं मान वाकवून अकरा वेळा फोन केला. बहिणीनं एकदाबी उचलला न्हाई. मग बोलावणंच बंद. म्हणजे मी त्याची चेष्टा केली, न्हाई का? आधी एक शब्द बोलून बसले त्याचं फळ सहा वर्षं भोगलं. आता न बोलता दुसरं करून ठेवलं."

"मग लावा की फोन! आत्ता लावा. सांगा, असं असं झालं."

"लावला आसता तर तुला कशाला सांगितलं आसतं?"

"भीती कशाची?"

शिवकन्या चालता चालता थांबली. शेजारच्या रानात मळणीयंत्र क्षणभर बंद पडलं होतं, त्यामुळं तिचा आवाज मोठा वाटला. "मंजू, आज माझ्यापाशी अकरा फोन हायत. सहा वर्षांत काहीच नव्हतं. झोपताना मी ते मोजते. एकेक मायेचा म्हणून मोजते. त्यानं उचलून म्हणलं, 'पुन्ना ह्या नंबरवर मेसेज टाकू नको', तर अकराच्या अकरा गेले. मग पंचमीला मी कुणाची वाट बघू? आन् न लावावं, तर दिवाळी आली. भाऊबीजेला त्यो तिकडं म्हणंल, बहिणीनं खोटं बोलावणं धाडलं. आई म्हणंल, माझी लेक तशी न्हाई. तिला ऐकू येत न्हाई, पण दिसतं सगळं."

रेणापूरचा पूल आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. नदीला बरं पाणी होतं. बायका पायऱ्यांवर बसून पाय धूत होत्या, ओल्या पायांनी देवळाची वाट धरत होत्या. दोघी खाली उतरल्या. मंजुश्रीनं हातपाय धुतले, पिशवीतली भस्माची पुडी काढून कपाळाला तीन बोटं ओढली. सकाळची लिंगपूजा करूनच ती निघाली होती, तरी देवीपुढं कोऱ्या कपाळानं जायला तिला नको वाटतं. शिवकन्या पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती. खणा-नारळाची पिशवी तिनं छातीशी धरली होती आणि ती वरच्या वाटेकडं बघतच नव्हती.

"चला ना ताई. लाईन वाढायली."

"मी आशी जाऊ शकत न्हाई आत," शिवकन्या म्हणाली. "काय मागू? कळलं तर पाहिजे काय मागायचं. भावाला सुखी ठेव म्हणू, का भावाला माघारी दे म्हणू? तुझा फोन काढ."

मंजुश्रीनं फोन काढला. शिवकन्येनं नंबर सांगितला, दहा आकडे, एका दमात, श्लोक म्हणावा तसे. मंजुश्रीनं दाबले. हिरव्या बटणाशी येऊन तिचा अंगठा थांबला.

"मी काय म्हणू त्याला?"

"जे झालं ते म्हण. मशिनीनं धाडलं म्हण. घर बांधलं न्हाई म्हण. फोन वाजतच नव्हता, अक्कानं मुद्दाम टाळला न्हाई, हे दोनदा म्हण. आन् आई कशी हाय, विचार."

"आन् तुम्ही?"

"मी तिकडं त्या पलीकडच्या पायरीवर जाऊन बसते. मला ऐकायचं न्हाई." ती पाण्यातून बाहेर आली. दोन पायऱ्या चढली आणि परत वळली. मंजुश्री आजारपणाची खोटी रजासुद्धा टाकत नाही, सणावाराला सर तिला त्यावरून चिडवतात, हे शिवकन्येइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं मंजुश्रीचा ओला हात आपल्या ओल्या हातात घेतला.

"मंजू, त्यो नीट बोलला तर मला हाक मार, मी पळत येईन. आन् रागानं बोलला, तर त्यो काय बोलला ते मला सांगू नको. कधीच सांगू नको. 'उचलला न्हाई' म्हण. तुझ्या तोंडातनं आलं तर मला खरं वाटंल. माझ्यासाठी एवढं एक करशील का?"